कावळ्यांचा शेवटचा मोसम

मागच्या महिन्यात इंग्लंडहून एका बाईंचा ईमेल आला. नाव जून हॉलिस. त्यांचे वडील मिस्टर हॉलिस हे एकेकाळी इथं बहारीनमध्ये माझ्या अब्बांचे साहेब होते. आता ते हयात नाहीत. बाई आपल्या गावच्या मोटारसायकल टीमचा इतिहास लिहितायत. पुस्तक जवळपास पुरं झालंय, शेवटचं प्रकरण तेवढं बहारीनचं आहे आणि त्या प्रकरणात अब्बांचं नाव येतं. छापायच्या आधी ते घरच्यांनी वाचावं असं त्यांना वाटलं. सोबत प्रकरणाची पानं होती आणि एका जुन्या कागदाचा फोटो. कागदावर खाली अब्बांची सही होती आणि वरचं अक्षर माझं होतं, सोळाव्या वर्षाचं, डावीकडं झुकलेलं. मी ऑफिसात होतो. विमा कंपनीत मी अपघातांचे क्लेम तपासतो, कोणाची चूक किती हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. तो फोटो बंद केला, चहा मागवला आणि संध्याकाळपर्यंत एकही फाइल उघडली नाही. या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा शाळा लिहिली, गावची सुट्टी लिहिली, बहिणीचं लग्न लिहिलं. एक हिवाळा सरळ गाळला होता. वाचणाऱ्याला कळलंही नसतं. तो आता लिहितो.

टीमचं नाव थॉर्नबेक रूक्स. रूक म्हणजे त्यांच्याकडचा कावळा, आपल्या डोमकावळ्याच्या जवळपासचा. काळ्या जॅकेटवर छातीशी पांढऱ्या दोऱ्यानं तो भरलेला असायचा. अम्मानं तो पहिल्यांदा पाहिला आणि त्या दिवसापासून आमच्या घरात ती सगळी गोरी पोरं म्हणजे कावळे. "तुमचे कावळे आले काय?" असं ती अब्बांना खिडकीतून विचारायची. थॉर्नबेक हे तिकडं उत्तरेला कापडगिरण्यांचं गाव. कुत्र्यांच्या शर्यतींसाठी बांधलेल्या मैदानात दर शनिवारी संध्याकाळी या टीमच्या शर्यती व्हायच्या आणि गिरणीतून सुटलेलं अर्धं गाव तिथं उभं असायचं. पुढं गिरण्या बंद पडल्या, मैदान विकलं गेलं, तिथं घरं झाली. टीम राहिली, पण तिला घर राहिलं नाही. कधी या गावाच्या मैदानावर, कधी त्या, असं उसन्या जागेवर चालायचं. हॉलिससाहेब टीमचे मॅनेजर. ते नोकरीसाठी बहारीनला आले, एका कंत्राटी कंपनीच्या वर्कशॉपचे मुख्य म्हणून. हिवाळ्यात तिकडं शर्यती बंद असतात, म्हणून मोसम संपला की सहा-सात पोरांना ते इथं बोलवायचे. दिवसा कंपनीत काही ना काही काम, शुक्रवारी दुपारी शर्यत. झल्लाक गावाच्या अलीकडं ओसाड वाळूत त्यांनी बुलडोझर फिरवून अंड्याच्या आकाराचा ट्रॅक केला होता, वरून जळकं तेल शिंपडून वाळू बसवली होती, भोवती फळ्यांचं कुंपण. इथल्याच नोकरदार गोऱ्यांनी एक दुसरी टीम उभी केली होती, तिच्याशी सामने व्हायचे. जूनबाई लिहितात की थॉर्नबेकचा कावळा शेवटची सहा वर्षं वाळवंटात जगला. ते खरं आहे.

या गाड्या पाहिल्या नाहीत त्याला सांगून पटत नाही. त्यांना ब्रेक नसतो. गिअर एकच. चार जण एका रेषेत उभे राहतात, चार फेऱ्या मारतात आणि वळतात ते फक्त डावीकडं, मागचं चाक मुद्दाम घसरवत, डाव्या बुटाला बांधलेला लोखंडी तळ वाळूत टेकवून. पुढच्याचं काही बिघडलं तर मागच्याला थांबायची सोय नसते. इंधन पेट्रोल नव्हे, मेथनॉल. आणि इंजिनात तेल घालतात ते एरंडेल. आपल्याकडं पोट साफ करायला नाक दाबून पाजतात तेच, फक्त शर्यतीसाठी तयार केलेलं, सीलबंद हिरव्या डब्यांतून येणारं. ते जळलं की एक गोडसर, जाडा वास सुटतो. शुक्रवारी अब्बा घरी आले की तो वास त्यांच्या आधी जिना चढून यायचा. आजही कुठं तसा वास आला तर मी उठून दुसऱ्या खोलीत जातो. बायकोला वाटतं माझं डोकं दुखतं.

आम्ही जिदहफ्सला राहायचो, बाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. खाली खुबूसची, म्हणजे अरबी रोटीची भट्टी. पहाटे अजान व्हायची, तिच्यामागोमाग भट्टीवाल्याचा पत्रा सरकायचा आणि मग मासळीवाल्यांच्या पिकअपचे हॉर्न. अब्बा दापोलीकडचे, इंजिनाचं काम शिकले ते मासेमारीच्या लाँचीवर. शाळा चौथीपर्यंत. इंग्लिश म्हणजे पार्टांची नावं, यस सर आणि नो प्रॉब्लेम. पण स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली की आत काय चाललंय ते त्यांना कळायचं. "माणूस खोटा बोलेल," म्हणायचे, "इंजीन बोलत नाय." हॉलिससाहेबांनी वर्कशॉपमधल्या पंचवीस मेकॅनिकांतून त्यांना निवडलं आणि टीमच्या सगळ्या गाड्या त्यांच्या हाती दिल्या. वर्कशॉपच्या मागं पत्र्याची शेड होती, तिची एक चावी साहेबांकडं, एक आमच्या घरात दारामागच्या खिळ्याला. शेडमधला एक नियम सगळे पाळायचे, साहेबसुद्धा: तेलाला हात फक्त इब्राहिमचा. डबा अब्बाच उघडायचे, गाडीत तेच ओतायचे आणि किती उरलं ते लोखंडी सळी बुडवून बघायचे. रायडरांनाही ते जवळ येऊ देत नसत. मी बाराव्या वर्षापासून त्यांच्याबरोबर जायचो, कारण बोलणारा मी होतो. साहेब इंग्लिशमध्ये सांगणार, मी अब्बांना आपल्या भाषेत सांगणार, अब्बा उत्तर देणार, ते मी परत इंग्लिशमध्ये. अब्बांचं जे काही त्या लोकांपर्यंत पोचलं ते माझ्या तोंडून पोचलं.

रायडरांमध्ये डॅनी अब्बांचा लाडका. बावीस वर्षांचा, तांबड्या केसांचा, उन्हानं नाक कायम सोललेलं. त्याची आई एकेकाळी थॉर्नबेकच्या गिरणीत कामाला होती. एका शुक्रवारी अब्बा त्याला घरी जेवायला घेऊन आले आणि मग दर शुक्रवारी तो यायचाच. अम्मा त्या दिवशी घावन काढायची आणि नारळाच्या दुधातलं सुरमईचं कालवण. तो मांडी घालून बसायचा प्रयत्न करायचा, गुडघे वर यायचे, ताट त्यांच्यामध्ये अडकायचं. चौथ्या घावनाला दोन्ही हात वर करून म्हणायचा, "खलास, अम्मा, खलास."

"खलास काय? आत्ता कुठं तोंड ओला झालाय," अम्मा म्हणायची आणि आणखी एक घावन टाकायची. "सलीम, सांग त्याला. असा खाऊन गाडी कशी धरेल? वाऱ्यानं उडेल मेला."

मी सांगायचो. तो विचारायचा, मेला म्हणजे काय. मी सांगायचो, लाडानं म्हणतात. अब्बा तोंड फिरवून हसायचे.

हे सगळं लिहिताना हात चालतो. पुढचं लिहायला मी तीन दिवस घेतले.

गावाहून मामानं कोणाबरोबर तरी तुरीची डाळ पाठवली होती, मोठं पोतं. बहारीनच्या दमट हवेत डाळीला महिन्याभरात कीड लागते. आपल्याकडं त्यावर उपाय म्हणजे डाळ उन्हात तापवून तिला एरंडेल चोळून ठेवायचं. अम्मानं गच्चीवर चादरी अंथरून डाळ घातली आणि मला म्हणाली, "मनामाला जाऊन एरंडेल घेऊन ये. आपल्याकडच्या दुकानात मिळेल. आजच आण, उद्या ऊन असेल नसेल." बुधवार होता. त्याच दुपारी सराव होता आणि डॅनीनं मला शब्द दिला होता की आज तुला गाडी चालवायला देतो. ट्रॅककडं जाणारी पिकअप चारला निघायची. मनामाला जाऊन आलो असतो तर ती चुकली असती. मी सरबताची रिकामी बाटली घेतली, खिळ्यावरची चावी घेतली आणि शेडमध्ये गेलो. अब्बा तेव्हा पलीकडं वर्कशॉपमध्ये ड्युटीवर होते. हिरवा डबा अर्धा भरलेला होता. बाटली भरून घेतली. मग सळी बुडवून पाहिली तर तेल सळीवरच्या अब्बांच्या खुणेच्या बरंच खाली गेलेलं. अब्बांच्या ते लगेच ध्यानात आलं असतं. शेजारच्या फळीवर पिकअपच्या इंजिनासाठी ठेवलेलं साधं तेल होतं. ते मी हिरव्या डब्यात ओतलं, सळी पुन्हा बुडवली, खुणेपाशी आलं तेव्हा थांबलो.

मला माहीत नव्हतं असं मी कधीकधी स्वतःला सांगत आलोय. ते खरं नाही. अब्बांनी दहा वेळा सांगितलं होतं की ही दोन तेलं एकमेकांत जात नाहीत, एकत्र आली की त्यांचा गोंद होतो. मला माहीत होतं. मला वाटलं, एवढंसं तर आहे. आणि मला गाडी चालवायची होती.

चालवलीही. डॅनी एका बाजूनं पळत होता, ओरडत होता, मी दोन फेऱ्या मारल्या, माणूस सायकल चालवतो त्याच्या थोड्या वरच्या वेगानं. तिसरीच्या पहिल्याच वळणावर पडलो. कोपर सोललं. त्यानं मला उठवलं, पँट झटकली आणि म्हणाला की कावळ्यांची जॅकेटं संपलीयेत, नाहीतर तुला एक दिलं असतं. घरी येऊन बाटली अम्माला दिली. तिनं बूच काढून वास घेतला. "कुठल्या दुकानातला रे हा?" मी म्हणालो, नेहमीच्याच. तिनं तेल हातावर घेऊन डाळीला चोळायला सुरुवात केली.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज करून अब्बा थेट ट्रॅकवर आले. पहिल्या शर्यतीला गाडीत आधीचंच तेल होतं. दुसरी डॅनीची नव्हती. तिसरीच्या आधी अब्बांनी त्याच्या गाडीची तेलाची टाकी हिरव्या डब्यातून भरली. मी तीन पावलांवर उभा होतो. तेल ओतताना त्यांनी डोळे थोडे बारीक केले, बहुतेक धार त्यांना पातळ वाटली असावी, पण तेवढ्यात शर्यतीची घंटा झाली आणि डॅनीनं गाडी पुढं ढकलली. मी तेव्हा बोलू शकलो असतो. एक शब्द पुरे होता, थांबा. कोपर सोलल्याचं अब्बांना अजून माहीत नव्हतं आणि मला वाटलं, एकातून दुसरं निघेल.

दोन फेऱ्या तो पुढं होता. तिसरीत अब्बा अचानक उठून उभे राहिले. "आवाज बघ," एवढंच म्हणाले. मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. पुढच्या वळणात, गाडी पूर्ण आडवी असताना, इंजिन जागच्या जागी जाम झालं. मागचं चाक फिरायचं थांबलं, गाडी सरळ उभी झाली आणि तिनं त्याला पुढं फेकलं. मागून येणारा रायडर त्याला चुकवू शकला नाही, कसा चुकवणार. फळ्या फुटल्याचा आवाज आला. मग बाकीच्यांनी एकेक करून इंजिनं बंद केली आणि वाळूवरून वारा वाहतो त्याचा आवाज येऊ लागला. अब्बा धावले तेव्हा त्यांच्या पायातली एक चप्पल निघाली, ती त्यांनी घातली नाही. मागच्या रायडरचं गळ्याचं हाड मोडलं होतं. डॅनी डोळे मिटून पडला होता, नाकातून थोडंसं रक्त, बाकी अंगावर काही नाही.

त्याला सलमानियाच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तो नऊ दिवस तिथं होता, शुद्धीवर आला नाही. अब्बा ड्युटी संपली की बसनं तिथं जायचे आणि व्हरांड्यात भिंतीला लागून बसायचे. अम्मा त्यांच्याबरोबर डबा द्यायची. कोण खाणार होतं, पण ती द्यायची आणि तो तसाच परत यायचा.

रविवारी दुपारी अब्बांनी ते इंजिन उघडलं. संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्राची पुडी होती. ती त्यांनी खोलीत मधोमध उलगडली. आत तेलाच्या नळीतून काढलेला तपकिरी गोळा होता, फणसाच्या चिकासारखा. बोटानं दाबला तर बोटाला चिकटून वर येत होता.

"हा बघ," मला म्हणाले. "दोन तेला एकत्र झाल्याशिवाय असा होत नाय."

अम्मा आतल्या दारात उभी होती.

"हिरव्या डब्यात मीच दुसरा तेल ओतला असणार. कधी ओतला ते आठवत नाय. फळीवर दोन्ही बाजूबाजूला होते." ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. मग त्यांनी मान वर केली. "माझ्याशिवाय तेलाला हात कोण लावतो, सलीम?"

त्यांना संशय नव्हता. वाट चुकलेला माणूस विचारतो तसं त्यांनी विचारलं, हाच रस्ता ना म्हणून. मी पुढं कितीतरी वर्षं हा क्षण मनात फिरवून पाहिलाय. मी घाबरलो होतो, वय कमी होतं, सगळं खरं. पण त्यांनी विचारलं होतं, मराठीत, माझ्या डोळ्यांत बघून.

"कोण नाय, अब्बा," मी म्हणालो.

त्यांनी पुडी बांधली. अम्मा आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ते मला सलमानियाला घेऊन गेले. हॉलिससाहेब व्हरांड्यात उभे होते, दोन दिवस दाढी केलेली नव्हती. डॅनीच्या आईच्या तिकिटाचं बघत होते. अब्बांनी खिशातून पुडी काढली, त्यांच्या हातावर ठेवली आणि मला म्हणाले, "सांग त्यांना. जसा मी सांगतो तसाच सांग. काय कमी करू नको."

अब्बा एकेक वाक्य बोलले आणि थांबले, मी एकेक वाक्य सांगत गेलो. माझे वडील म्हणतात की इंजिन जाम झालं ते तेलामुळं. माझे वडील म्हणतात की दोन तेलं एकत्र झाली. माझे वडील म्हणतात की ती त्यांच्या हातून झाली, दुसरं कोणी डब्याला हात लावत नाही. माझा आवाज कापला नाही. शाळेत वक्तृत्वात माझा नंबर यायचा, तसाच स्पष्ट बोललो. साहेबांनी पुडी उलगडून गोळा बोटानं दाबून पाहिला. मग मला हळूच म्हणाले, त्याला विचार, त्याची खात्री आहे का. हा माणूस असं करेल असं मला वाटत नाही.

मी अब्बांना विचारलं. "साहेब विचारतात, खात्री हाय काय?"

"हाय म्हणून सांग."

मी सांगितलं. साहेब खुर्चीवर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं म्हणाले की हे लेखी लागेल, शर्यतींच्या तिकडच्या संघटनेसाठी आणि पोराच्या घरच्यांसाठी. माझ्या दप्तरात भूगोलाची वही होती. तिचं मधलं पान काढून मी व्हरांड्यातल्या बाकावर लिहिलं, अब्बांना वाचून दाखवलं, त्यांनी खाली मराठीत सही केली, चौथीतल्या मुलाच्या अक्षरात, अक्षरांवर काळजीपूर्वक रेघ ओढून. जूनबाईंनी फोटो पाठवला तो हाच कागद.

डॅनी गेला त्या दिवशी त्याची आई इथं पोचलेली होती. मी तिला लांबून पाहिलं, काचेपलीकडं, हातात पर्स घट्ट धरून उभी. अब्बांनी तिच्यासमोर जायचं ठरवलं होतं, साहेबांनी जाऊ दिलं नाही. टीम दहा दिवसांत पांगली. पोरं परत गेली, गाड्या पेटीबंद होऊन गेल्या, झल्लाकचा ट्रॅक पुढच्या वर्षी ओळखूही येत नव्हता. थॉर्नबेक रूक्स त्यानंतर कधी कुठं धावले नाहीत, असं पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आहे.

मी कागद लिहून दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर गॅलरीत डाळीचं पिंप धुऊन पालथं घातलेलं होतं. पोतंभर डाळ अम्मानं कचऱ्यात टाकली होती. गावाहून आलेला दाणा ती कधी वाया घालवायची नाही. मी पिंपाकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हात धुऊन ये, जेवायला वाढते." मसूर होती. तिनं मला कधी काही विचारलं नाही आणि अब्बांना काही सांगितलं नाही. आई म्हणून तिनं मला झाकलं, हे मी लहानपणी उपकार समजत होतो. बायको म्हणून तिनं काय गिळलं असेल ते माझं लग्न झाल्यावर कळायला लागलं. सहा वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या आजारात एकदा, मी तिचे पाय चेपत असताना, डोळे न उघडता म्हणाली, "त्यांना सांग रे कधीतरी." मी सांगतो म्हणालो. सांगितलं नाही.

अब्बांची नोकरी गेली नाही. साहेबांनी त्यांना वर्कशॉपमध्ये राहायला सांगितलं होतं. अब्बांनीच मला घेऊन जाऊन बदली मागितली, आणि तेही मीच इंग्लिशमध्ये सांगितलं. ते स्टोअरला गेले. निवृत्त होईपर्यंत त्यांनी खिडकीतून नटबोल्ट दिले. इंजिनाला पुन्हा हात लावला नाही. दुसऱ्याचं बिघडलेलं इंजिन कानावर पडलं तरी न बोलता पुढं जायचे. एकदा अम्मा म्हणाली की शिलाई मशीन आवाज करतंय, दोन थेंब तेल घाला. ते म्हणाले, "सलीमला सांग. माझ्या हाताचा भरवसा नाय." मी तेव्हा कॉलेजात होतो, समोरच बसलो होतो. उठलो आणि तेल घातलं.

जूनबाईंना मी लगेच उत्तर लिहिलं, सगळं, बाटलीसकट. त्यांचं उत्तर चांगुलपणाचं होतं. मुलानं वडिलांसाठी असं लिहावं हे वाचून त्या हेलावल्या, असं त्यांनी लिहिलं. त्यांच्या वडिलांनाही शेवटपर्यंत ते नवल वाटत राहिलं होतं की इब्राहिमसारख्या माणसाच्या हातून हे कसं झालं. पण पुस्तकाला आधार सही केलेल्या कागदाचा आहे. अब्बा हयात आहेत, तेव्हा त्यांनी स्वतः दुरुस्ती मान्य करून सही दिली तर त्या प्रकरण बदलतील. महिनाअखेर पुस्तक छपाईला जाणार.

अब्बा माझ्याकडंच असतात, जिदहफ्सलाच, जुन्या गल्लीपासून लांब नाही. त्र्याऐंशीचे आहेत. गुडघे गेलेत, डोकं लख्ख आहे. नातवंडं त्यांच्याशी इंग्लिश बोलतात आणि ते त्यांना मराठीत उत्तर देतात, दोघांचं बरं चालतं. गेल्या शुक्रवारी नमाजेहून आलो, जेवणं झाली, बायको-पोरं बाहेर गेली. मी दार लावलं, त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसलो आणि सांगितलं. अम्मानं एरंडेल आणायला सांगितलं तिथपासून. सांगताना त्यांच्याकडं बघत राहायचं असं ठरवलं होतं, तेवढं जमलं.

त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला.

"ती इंग्लंडची बाई पुस्तक काढतेय, त्याच्यात माझा नाव हाय. म्हणून तू हे सांगतोस."

"त्यासाठी नाय, अब्बा. हे खरंच झाला."

"तुला असा बघवत नाय. लहानपणापासनं बघतोय मी. अम्माचा ताप तुला यायचा."

"अम्माला माहीत होता. तिनं डाळ टाकली, तुम्हाला आठवत नाय?"

"डाळीला कीड लागली म्हणून टाकली. तिनंच सांगितला मला." ते थोडं हसले. "अम्मा असती तर तिला विचारला असता. आता तू तिचा नाव मध्ये आणतोस."

मी त्यांचा हात धरला. म्हणालो, मी दोन फेऱ्या मारल्या त्या दिवशी, पडलो, कोपर सोललं, बघा अजून वण आहे. बाही वर करून दाखवला. त्यांनी चष्मा लावून वण नीट पाहिला, अंगठ्यानं चाचपला.

"हा सायकलीवरचा," ते म्हणाले.

मग मी कागद काढला. जूनबाईंना पाठवायचा, इंग्लिशमध्ये टाइप केलेला, खाली त्यांच्या सहीची जागा. ओळीनं मराठीत वाचून दाखवला, व्हरांड्यात वाचला होता तसाच, काही कमी न करता. चूक माझी नव्हती. दुसरं तेल माझ्या मुलानं ओतलं. ते मला आज कळलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. पेन त्यांच्या हातात दिलं तर त्यांनी घेतलं, टोपण काढलं, कागद मांडीवर सरळ केला. मला वाटलं, झालं.

"त्या कागदातनं डॅनीच्या आईला मी एकच गोष्ट दिली," ते म्हणाले. "कोणाच्या हातून झाला, ते. दुसरा काय होता माझ्याकडं?" त्यांनी टोपण परत लावलं आणि कागदाची घडी करून माझ्या खिशात घातली, लहान मुलाच्या खिशात ठेवतात तशी, वरून थोपटून. "बापासाठी तू एवढा करतोस, अल्ला तुला बरा ठेवो. पण खोट्या कागदावर माझी सही मागू नको."